उडदाच्या दाण्याएवढी

माझ्या नोकरीचं वर्णन माझी बायको नीलिमा दोन शब्दांत करते: बॅगा हुंगणं. कार्डावर 'टूर एस्कॉर्ट' असं छापलंय, पण नीलिमाचं वर्णन जास्त खरं आहे. सिंगापुरात तोआ पायोहमधल्या एका छोट्या ट्रॅव्हल कंपनीसाठी मी म्हाताऱ्या माणसांचे गट घेऊन फिरायला जातो. परतायच्या दिवशी सकाळी नाश्ता झाला की प्रत्येकाची बॅग पलंगावर उघडायला लावतो आणि तीत नाक घालतो. शोधत असतो एकच गोष्ट. गांजा. सुकवलेला, वाटलेला, बिस्किटात भाजलेला, तेलात उतरवलेला, चहात, चॉकलेटात, मलमात. सिंगापूरला उतरताना तो बॅगेत सापडला तर काय होतं, हे इथे राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. तरी माणसं आणतात. मुद्दाम आणणारे मला अजून भेटलेले नाहीत. सगळे चुकून आणणारे, आणि बहुतेक सत्तरीच्या पुढचे.

ही नोकरी मला वशिल्याने मिळालेली नाही. तिच्यासाठी लागणारी लायकी मी वीसेक वर्षं बोटींवर राहून कमावली होती. आता या वयात लपवायचं काय, स्पष्टच लिहितो. मला गांजा फार आवडायचा.

मी वेंगुर्ल्याचा. मरीन इंजिनियर होऊन बोटीवर गेलो तो जग बघायला. इंजिनियरला जग दिसतं ते पाण्याच्या पातळीखालून, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. पंचेचाळीस डिग्रीच्या इंजिनरूममध्ये चार तास, आठ तास विश्रांती, परत चार तास. पण त्या काळी बोटी बंदरात आठ-आठ दिवस माल उतरवत थांबायच्या. मग मी गावात शिरायचो. इतर लोक बारमध्ये जायचे, मी बाजारात. प्रत्येक देशात या झाडाला काय म्हणतात, कोण पिकवतं, कशात घालून खातात, हे विचारत फिरायचो. डर्बनला त्याला डग्गा म्हणतात, मोझांबिकला सुरुमा. जमैकात एका म्हाताऱ्याने 'गांजा' असा आपला शब्दच उच्चारला. त्याचे पणजोबा बिहारहून ऊस तोडायला गेले होते म्हणे. भाषा विसरली, आडनाव बदललं, हा एक शब्द राहिला. त्याच्या अंगणात बसून आम्ही दोघांनी ओढला आणि दोघेही समोरचा डोंगर बघत राहिलो. ड्यूटीवर मी कधीही घेतला नाही. किनाऱ्यावर मात्र ते माझं सुख होतं.

मग आमची मुलगी मुक्ता शाळेत जायच्या वयाची झाली. मी किनाऱ्यावरची नोकरी धरली, सिंगापुरात क्लेमेंटीला घर घेतलं आणि पीआरचा अर्ज केला. इथला पीआर म्हणजे कायमचा रहिवासी. इथल्या नागरिकाला आणि पीआरला परदेशात जाऊनसुद्धा गांजा घेता येत नाही. परतल्यावर लघवी तपासली आणि त्यात निघाला, तर गुन्हा इथे केल्यासारखाच धरतात. कार्ड हातात आलं त्या दिवशी नीलिमा एवढंच म्हणाली, "संपलं ना?" मी म्हटलं, "संपलं." त्याला चोवीस वर्षं झाली. एक झुरका नाही.

निवृत्त झाल्यावर मी आणि नीलिमा मिसेस लिम नावाच्या बाईंच्या गटाबरोबर बँकॉकला गेलो. थायलंडमध्ये तेव्हा कायदा नुकताच सैल झाला होता. रस्त्यावर जिकडेतिकडे हिरव्या पानाच्या पाट्या. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला एका चिनी मावशीने घरून आणल्यासारखा बिस्किटांचा डबा टेबलावर फिरवला. डबा माझ्यापर्यंत आला आणि मी झाकण धरून तसाच बसलो. लोणी, साखर, आणि त्याच्या मागे तो ओळखीचा वास. मी उभा राहून ओरडलो, "कुणी खाऊ नका." अजून कुणी खाल्लं नव्हतं. मावशींनी तो आदल्या दिवशी बाजारात घेतला होता आणि उरलेली बिस्किटं नातवंडांना नेणार होत्या.

मिसेस लिम सत्तरीच्या, बुटक्या आणि कुणाचं ऐकून न घेणाऱ्या. त्यांनी मला बाजूला घेतलं. "हाऊ यू नो?"

मी खरं ते सांगितलं. त्यांनी मला वरून खाली न्याहाळलं. "लास्ट टाइम यू नॉटी. नाऊ यू वर्क फॉर मी, कॅन?"

कॅन, मी म्हटलं.

तर धंदा असा आहे. निघायच्या आधी एक बैठक असते. तीत मी अर्धा तास बोलतो: काय दिसेल, काय खायचं नाही, कुणी प्रेमाने हातावर ठेवलं तरी काय घ्यायचं नाही. प्रवासात डोळे उघडे ठेवतो. शेवटच्या सकाळी बॅगा. आधी वास, मग लेबल, मग तीन प्रश्न. कुणी दिलं, कशासाठी घेतलं, आणि यातलं खाल्लंत का. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. बॅगेतली वस्तू कचऱ्यात टाकता येते, पोटात गेलेली नाही.

या सकाळी बऱ्याचदा हसण्याच्या असतात. निवृत्त बसचालक असलेल्या एका चिनी काकांच्या बॅगेत टूथपेस्ट निघाली, वर ठसठशीत हिरवं पान. मी म्हटलं, टाका. काका म्हणाले, "आय सो ओल्ड ऑलरेडी, हू वाँट टु चेक माय टूथपेस्ट?" मी परत म्हटलं, टाका. काकांनी ती माझ्यासमोर उघडली, सगळी नळी बेसिनमध्ये पिळून काढली आणि रिकामी नळी माझ्या हातात दिली. विमानतळापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या एकदा एका बाईंचे पायमोजे मी टाकायला लावले. त्यांच्यावर फक्त पानाचं चित्र होतं. ते कायद्यात बसत होते, पण मी घाबरलो होतो. त्या मोज्यांचं मला अजून वाईट वाटतं.

बैठकीतलं माझं बोलणं मात्र लोकांना आवडायचं. मिसेस लिम म्हणायच्या, लोक सहलीला येतात ते निम्मे तुझं बोलणं ऐकून. मलाही ते आवडायचं. बावीस वर्षं ज्याचं नाव घरात काढायची सोय नव्हती, त्याच्याबद्दल आता मी चारचौघांत, पंखा लावलेल्या खोलीत, चहा पीत अर्धा तास बोलू शकत होतो. जमैकाचा म्हातारा यायचा, डर्बनचा बाजार यायचा. मुक्ता एकदा मागे बसून ऐकत होती. घरी येताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, म्हणाली, "बाबा, यू आर सेलिंग इट, लाह." मी हसण्यावारी नेलं. ते मी तिथेच ऐकायला हवं होतं.

वर्षातून एकदा आमचा मराठी मंडळींचा गट काशीला जातो. दोन वर्षांपूर्वीच्या गटात अकरा जण होते. त्यात सुलभाताई होत्या, वय चौऱ्याहत्तर, साताऱ्याला शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान गेल्यावर मुलगी वृंदा त्यांना इकडे घेऊन आली. बऱ्याच वर्षांनी पीआर मिळाला. क्लेमेंटीत आमच्यापासून दोन ब्लॉक पलीकडे त्या वृंदाकडे राहायच्या. नात ईरा नऊ वर्षांची. तिला रोज सकाळी उठवायचं, वेणी घालायची आणि शाळेच्या बसपर्यंत सोडायचं, हे आजीचं काम. वेणी घालताना ईराला मराठी पुस्तकातलं एक पान मोठ्याने वाचावं लागायचं. पान संपल्याशिवाय आजी रिबीन बांधायची नाही.

सहलीच्या चौदा महिने आधी सुलभाताईंना नागीण झाली होती. फोड बरे झाले, आग राहिली. डाव्या बरगडीवर कापड टेकलेलं सहन होत नसे. म्हणून त्या यजमानांचे जुने सैल सुती शर्ट घालायच्या. डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, मलमं झाली, विजेचा शेक झाला. रात्रीची झोप म्हणून नाहीच. त्यांनी स्वतः हे कधी सांगितलं नाही, वृंदाने सांगितलं.

काशीच्या बैठकीत मी रंगात आलो. कारण काशी म्हणजे भांग. तिथे भांगेची सरकारमान्य दुकानं असतात, पाटी लावून. ठंडाईवाला तुम्हाला विचारतो, घालू की नको. मी सांगितलं की त्याला 'नको' म्हणायचं. आणि मग, 'नको' का म्हणायचं हे सांगण्याच्या नावाखाली, मी भांगेचं कौतुक करत सुटलो. आपल्याकडे जुने वैद्य ती औषधात कशी वापरत, पोटावर, दुखण्यावर, झोपेवर. "उडदाच्या दाण्याएवढी घेतली तर औषध," मी म्हणालो, "बोराएवढी घेतली तर तमाशा." लोक खो खो हसले. सुलभाताई दुसऱ्या रांगेत होत्या. त्या हसल्या नाहीत. त्यांच्या मांडीवर वही होती आणि त्या लिहून घेत होत्या. शिक्षिका आहेत, घेणारच, असं मला वाटलं.

काशीत दहा दिवस होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून सुलभाताई बदलल्या. घाटाच्या पायऱ्या उतरू लागल्या. नावेत पुढे बसू लागल्या. सातव्या दिवशी त्यांनी साडी नेसली, ब्लाउज घालून. गटातल्या बायका म्हणाल्या, गंगेचा गुण. मीही मान हलवली. माझं नाक बिस्किटाच्या डब्यात चालतं, पण एखाद्या माणसाला बरं का वाटतंय हे हुंगावं असं माझ्या मनात आलं नाही.

शेवटच्या सकाळी मी त्यांच्या खोलीत गेलो. बॅग नीट लावलेली होती, शाळेच्या दप्तरासारखी. शर्टांच्या घडीत सुपारीची छोटी स्टीलची डबी होती. मी ती उघडली.

माझ्या मनात पहिल्यांदा भीती आली नाही. आनंद झाला. बावीस वर्षांनी कुणी जुनं माणूस दारात उभं राहावं तसं झालं. ओली, हिरवी, वाटलेली भांग, निम्मी संपलेली. मी डबी नाकाशी धरून किती वेळ उभा होतो मला सांगता येणार नाही. सुलभाताई खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होत्या.

"वास आवडला वाटतं," त्या म्हणाल्या.

मी डबी मिटली. "सुलभाताई, कुणी दिली ही?"

"कुणी दिली नाही. मी आणली. ती सरकारी दुकानाची पाटी तुम्हीच सांगितली होतीत. रांगेत उभी राहिले. माझ्यामागे एक पैलवान होता. तो म्हणाला, माताजी, आप आगे आइये."

"खाल्लीत?"

"सात दिवस. उडदाच्या दाण्याएवढी, कोमट दुधातून."

मी पलंगावर बसलो. म्हटलं, "तुम्हाला ठाऊक होतं. इथे घेतली तरी तिथे गुन्हा आहे, हेही मी सांगितलं होतं."

"हो. तेही लिहून घेतलंय." त्या शांतपणे बोलत होत्या. "केळुसकर, चौदा महिने मी झोपले नव्हते. तुम्ही अर्धा तास बोललात. पाच मिनिटं बोललात कायद्याबद्दल, आणि पंचवीस मिनिटं त्या झाडाबद्दल. कायदा सांगताना तुम्ही कागदात बघून सांगत होतात. झाडाबद्दल बोलताना तुम्ही कागद खाली ठेवला. माझा विश्वास त्याच्यावर बसला."



डबी मी बाथरूममध्ये जाऊन रिकामी केली. चार वेळा पाणी ओतलं. हात साबणाने धुतले, आणि खोटं कशाला सांगू, धुवायच्या आधी एकदा बोटांचा वास घेतला. बाहेर आलो तर त्या तशाच बसलेल्या होत्या.

"आता सांगा," त्या म्हणाल्या. "आज संध्याकाळच्या विमानात मी बसू का?"

बोटीवर कॅप्टन फोन करून विचारायचा, चीफ, इंजिन चालेल का? एका मिनिटात हो किंवा नाही सांगायचं, एवढंच माझं काम असायचं. त्या सकाळी मला मिनिटाहून पुष्कळ जास्त वेळ लागला. उतरल्यावर प्रत्येकाला तपासत नाहीत. कदाचित काहीच झालं नसतं. आणि कदाचित चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला बाजूच्या खोलीत नेऊन बाटली हातात दिली असती, आणि वृंदा नि ईरा बाहेर काचेपलीकडे उभ्या राहिल्या असत्या. त्या 'कदाचित'वर सही करायची माझी छाती झाली नाही. पण खरा प्रश्न तो नव्हताच. विमानात बसल्या तर त्यांची ती झोप काशीतच राहणार होती, आणि ते त्यांना माझ्या आधी कळलं होतं.

"नका बसू," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग पर्समधून एक रिबीन काढली, लाल, जरीचा काठ असलेली. विश्वनाथ गल्लीत घेतली होती. "ईराला द्या. हिच्यात काही नाही, हुंगून बघा."

साताऱ्याला त्यांचा धाकटा भाऊ होता. मी त्यांना पुण्याच्या विमानात बसवून दिलं आणि दहा जणांना घेऊन परतलो. चांगी विमानतळावर वृंदा आणि ईरा उभ्या होत्या. गटातला एकेक जण बाहेर पडत होता आणि ईरा प्रत्येकाच्या मागे बघत होती. शेवटी मी आलो.

"व्हेअर इज आजी?"

"आजीची तब्येत जरा..." मी म्हणालो. वृंदाला आईचा फोन आला होता, पण त्यात एवढंच होतं. ती म्हणाली, "काका, तुम्ही तिच्याबरोबर होतात ना?"

खरं तिला पंधरा दिवसांनी आईकडूनच कळलं. ती आमच्या घरी आली. मला वाटलं होतं भांडेल. ती सोफ्याच्या कडेवर बसून राहिली, नीलिमाने दिलेलं पाणी तिने प्यायलं नाही. "तुम्ही किती छान बोलता त्या बैठकीत," ती म्हणाली. "मी होते तेव्हा तिथे. उडदाच्या दाण्याला मी पण हसले होते." एवढं बोलून ती गेली. तिने आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

सुलभाताई परत आल्या नाहीत. साताऱ्यात एका आयुर्वेदिक डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांचं औषध रीतसर चालू आहे. त्या झोपतात, ब्लाउज घालतात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत चालून येतात. वृंदा सुटीत ईराला घेऊन जाऊन येते. बाकी व्हिडिओ कॉल. वेणी आता वृंदा घालते, घाईघाईत, पानाबिनाची अट नाही. मध्यंतरी ईराला आजीने फोनवर काहीतरी वाचायला सांगितलं तर ती अडखळली आणि म्हणाली, "आजी, टू हार्ड. यू कम बॅक, लाह."

मीही त्यांना महिन्यातून एकदा फोन करतो. गेल्या खेपेला विचारलं, "झोप लागते ना?"

"छान लागते," त्या म्हणाल्या. "उठल्यावर कुणाला उठवायचं नसतं, एवढंच."

मी त्यांचं भलं केलं की वाटोळं केलं, हे मला ठरवता आलेलं नाही. नीलिमा म्हणते, दोन्ही केलंस. हिशेब न करता तिला असं पटकन म्हणता येतं. मी इंजिनियर आहे, मला अजून वाटतं की बिघाड कुठे झाला हे सापडायला हवं. आणि सापडतो तो नेहमी एकाच जागी. मी कागद खाली ठेवला तिथे.

नोकरी सोडायला निघालो होतो, मिसेस लिमनी सोडू दिली नाही. मी बोलणं मात्र नवं लिहून काढलं. त्यात जमैका नाही, डर्बन नाही, वैद्य नाहीत. बारा ओळी आहेत आणि मी त्या कागदात बघून वाचतो. लोक मोबाइल बघत ऐकतात. एक-दोघे डुलक्या काढतात. मिसेस लिमनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाल्या, "सो बोरिंग." मग पंखा बंद करत म्हणाल्या, "गुड."

यंदाच्या काशीच्या गटाची बैठक गेल्या महिन्यात झाली. तोआ पायोहची तीच खोली, तोच पंखा. नीलिमा या वेळी बरोबर येणार होती, ती शेवटच्या रांगेत बसली होती. मी बारा ओळी वाचल्या आणि विचारलं, काही शंका? पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी हात वर केला. तांजोंग पगार भागातल्या एका बँकेतून निवृत्त झालेले, गुडघ्याला पट्टा, हातात उघडी वही.

"चीफ, एक विचारू? ती भांग म्हणतात ती, दुखण्यावर खरंच चालते का हो?"

त्यांचा आवाज सहज होता, पण पेन टेकलेलं होतं. मला घाटाच्या पायऱ्या उतरणाऱ्या सुलभाताई दिसल्या, साडी नेसलेल्या. खरं उत्तर मला ठाऊक होतं. या शहरात माझ्याइतकं ते क्वचितच कुणाला ठाऊक असेल.

"माहीत नाही," मी म्हणालो. "मी कधी घेतलेली नाही."

शेवटच्या रांगेत नीलिमाने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि परत खाली घातली. मला सुटल्यासारखं वाटलं आणि लाजही वाटली, दोन्ही एकदमच. त्या गृहस्थांनी ओळीवर काट मारली, पान उलटलं आणि विचारलं, हॉटेलात सकाळी गरम पाणी किती वाजेपर्यंत असतं.